जेबेझकाकांचं राहिलेलं प्रकरण

थर्झा रोझवार्न वाचायला लागली की बाहेर खाणीच्या पंपाच्या इंजिनाची धडधड चालू आहे, याचा आम्हाला विसर पडायचा. खरं तर त्या धडधडीतच आम्ही जन्मलो आणि वाढलो. ती थांबली तर बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, कारण थांबली म्हणजे खाली काहीतरी बिनसलं. पण बुधवारी संध्याकाळी चॅपेलच्या मागच्या खोलीत थर्झाने पुस्तक उघडलं की कान तिच्याकडे लागायचे, दुसरं काही ऐकूच यायचं नाही.

आमची सगळी वस्ती कॉर्नवॉलहून आलेली. तिकडच्या खाणी बसल्या आणि इकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात समुद्राजवळच्या या उघड्या-बोडक्या माळावर तांबं लागलं, म्हणून आमचे आईबाप जहाजात चढले. येताना त्यांनी बायबल आणलं, स्तोत्रांचं पुस्तक आणलं आणि तिसरं हे, जुनं रूपककथेचं. आमच्यात त्याला नुसतं ‘कंदीलवाला’ म्हणत. ‘पुरेसं’ नावाच्या गावात राहणाऱ्या एका माणसाला कुणी परका येऊन कंदील देतो आणि सांगतो, डोंगरापलीकडच्या घरात तुझी वाट बघतायत, नीघ. तो निघतो. वाटेत त्याला उद्याबघू भेटतो, लोककायम्हणतील नावाचे सद्गृहस्थ भेटतात, सबबीच्या खानावळीत त्याचा बरेच दिवस मुक्काम पडतो. अगदी शेवटी एक काळी खिंड येते. तिथला पहारेकरी त्याचा कंदील काढून घेतो. त्या खिंडीत कंदिलाचा उपयोग नसतो. पलीकडून कुणी गात असतं, त्या गाण्याच्या रोखाने अंधारात चालायचं असतं.

खाणकामगारांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. टोपीवरची मेणबत्ती विझली की काय होतं, ते प्रत्येकाने भोगलेलं होतं.

दर हिवाळ्यात चॅपेलच्या प्रार्थना-वर्गात ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जायचं, दर बुधवारी एक प्रकरण. प्रकरण संपलं की प्रत्येकाने सांगायचं, या आठवड्यात आपण वाटेवर कुठे आहोत ते. कुणी म्हणे, मी कुरकुरीच्या चढावर अडकलोय. कुणी म्हणे, देवाच्या कृपेने चढ उतरलो. त्यामुळे गावात बोलण्याचालण्यातही ती नावं आली होती. छत गळत असताना नवरा बाकावर पाय पसरून बसला की बायको म्हणायची, “काय उद्याबघू, शिडी आणू का?”

थर्झाला वाचायची पाळी आली ती वडिलांमुळे. हॅनिबल रोझवार्न या वर्गाचे नायक, म्हणजे वर्ग चालवणारे, होते. खाणीत एक सुरुंग उशिरा उडाला आणि त्यांचे डोळे गेले. त्यांना पाठीला बांधून शिड्यांवरून वर आणलं ते त्यांचे खाणीतले जोडीदार जेबेझ ट्रेम्बाथ यांनी. डोळे गेल्यावरही हॅनिबलनी वर्ग सोडला नाही. पोर वाचायची, बाप अर्थ सांगायचा. थर्झाची तेव्हा वेणी पाठीवर होती. पुढे वडील वारले, खाणीचे मुख्य मुकादम कॅप्टन नॅनकिव्हेल नायक झाले, थर्झाच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, पण पुस्तक तिच्याच हातात राहिलं. लग्न तिने केलं नाही. आमच्याकडे बाईचं वय जरा पुढे सरकलं की सगळं गाव तिला मावशी म्हणतं, तशी ती आम्हा सगळ्यांची थर्झामावशी झाली. मी शेजारच्याच गल्लीत लग्न होऊन आले आणि तिच्याशी माझं जुळलं ते कायमचं.

तिच्या वाचनाने माणसं बदलली, यात अतिशयोक्ती नाही. दारू पिऊन बायकोला मारणारा एक धिप्पाड गडी खिंडीचं प्रकरण ऐकून बाकावर डोकं टेकून रडला आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याने दारूला हात लावला नाही. अशा लोकांना आपल्या तारणाचा दिवस पाठ असायचा, आणि बऱ्याच जणांचा तो दिवस थर्झाच्या वाचनाचा असायचा.

तिची स्वतःची पाळी आली की ती मात्र एवढंच म्हणायची, “मी अजून वाटेवर आहे.” कॅप्टन नॅनकिव्हेल मान डोलावून म्हणत, “हा खरा नम्रपणा.” आणि पुढच्या माणसाकडे वळत.

तो नम्रपणा नव्हता. मला तिने हे एकदा केशरी केकसाठी पीठ मळताना सांगितलं, मीठ संपलंय सांगावं तितक्या साधेपणाने.

“डॉर्कस, मला कधीच काही झालं नाही गं. सगळ्यांना होतं ते.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते आतून भरून येणं, हाक ऐकू येणं. मी वाचते, समोरची माणसं रडतात, आणि मी मनात बघत असते की पुढच्या ओळीत श्वास कुठे घ्यायचा.”

“प्रार्थना करतेस ना?”

“करते की. लहानपणापासून करते. वडिलांना वाटायचं, मला झालंय. आंधळ्या माणसाला कसं सांगू, की नाही झालं?”

 मी म्हटलं, “होईल एखाद्या दिवशी.” तिने पिठावर कपडा टाकला आणि विषय बदलला.

जेबेझ ट्रेम्बाथ वर्गातला सगळ्यात वात्रट माणूस. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पुस्तकाशी भांडायचे. एकदा थर्झा सबबीच्या खानावळीचं प्रकरण वाचत होती तर मध्येच म्हणाले, “थांब थर्झा. तिथं जेवायला काय देतात ते लिहिलंय का?”

“नाही लिहिलं, काका.”

“मग तो तिथे इतके दिवस राहिला कसा? काहीतरी चांगलं देत असणार.”

सगळे हसले. त्यांची बायको केझाया कोपराने ढोसून म्हणाली, “तुला घरी काय उपाशी ठेवते मी? गप्प बस, ऐक.” जेबेझकाका गप्प बसले, पण प्रकरण संपल्यावर उठून म्हणाले, “या आठवड्यात मी त्या खानावळीतच आहे, आणि बायको बाहेर उभी राहून दार ठोठावतेय.” कॅप्टन नॅनकिव्हेलसुद्धा रुमालात हसले.

या माणसाला दगडाच्या धुळीने धरलं. आमच्याकडे ती बहुतेकांना धरतेच, फक्त कुणाला लवकर, कुणाला उशिरा. आधी चढावर दम लागायला लागला, मग सपाटीवर, मग पेस्टीचा, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीचा, घास चावतानासुद्धा. महायुद्धाच्या आदल्या हिवाळ्यात त्यांना चॅपेलपर्यंत येणं जमेना, तेव्हा केझायाकाकूंनी पुढच्या खोलीत खिडकीजवळ पलंग लावला. थर्झा रोज दुपारी तिथे जाऊन वाचायला लागली. त्यांना सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून हवं होतं.

त्याच सुमाराला चॅपेलला नवे पाळक आले होते. तरुण, सडसडीत, डोळ्यांत धार असलेले. त्यांनी एका रविवारी देवाच्या घरातल्या खोट्याबद्दल प्रवचन केलं. जे अनुभवलं नाही ते अनुभवल्यासारखं दाखवणारी जीभ चोराच्या हातापेक्षा वाईट, असं ते म्हणाले. त्यांच्या मनात थर्झा नव्हती, तिच्याबद्दल त्यांना काही माहीतच नव्हतं. पण मी तिच्या शेजारी बसले होते. ती हातमोज्याचं बोट ओढत राहिली, शिवण उसवेपर्यंत.

नंतर घरी चालताना म्हणाली, “बरोबर बोलले ते.”

“तुला लागू नाही ते,” मी म्हटलं. “तू कुठे म्हणालीस, मला झालंय म्हणून?”

“नाही झालं, असंही म्हणाले नाही. एकच झालं.”

त्यानंतरच्या आठवड्यात ती घटना घडली. मी तिथे नव्हते. जे सांगते ते थर्झाच्या तोंडून ऐकलेलं, आणि पुष्कळ वर्षांनी केझायाकाकूंच्या तोंडून.

वाचन खिंडीच्या तोंडाशी आलं होतं. कंदीलवाला पहारेकऱ्यासमोर उभा आहे, पुढचं प्रकरण शेवटचं. जेबेझकाका उशांना टेकून बसले होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. थर्झाने पान उलटलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

“थर्झा, एक विचारू?”

“विचारा की काका.”

“खाली काम करताना माझी मेणबत्ती किती वेळा विझली, त्याची गणती नाही. पण हॅनिबल हाक मारायचा. तो म्हणायचा, जेबेझ, इकडे, आणि मी त्या आवाजावर जायचो. आता हॅनिबल नाही.” ते थांबले, दम घेतला. “तू इतकी वर्षं हे वाचतेयस. त्याच्या घरची तू. तुला येतं का ऐकू, ते पलीकडचं गाणं?”

थर्झा म्हणायची, की त्या क्षणी तिच्याकडे दहा उत्तरं होती. पुस्तकात तसं लिहिलंय, हे खरं होतं. वडिलांना ऐकू यायचं, हेही खरं होतं. यातलं काहीही बोलली असती तरी खोटं झालं नसतं.

ती म्हणाली, “नाही काका. मला कधीच ऐकू आलं नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही. मी नुसती वाचते.”

जेबेझकाका तिच्याकडे बघत राहिले. मग थोडे हसले. “मग इतकं चांगलं वाचतेस कसं गं?”

“आवाज आहे म्हणून.”

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर गल्लीपलीकडे थर्झाचं घर, मागे दगडमातीचे ढीग आणि इंजिनघराची चिमणी. जरा वेळाने म्हणाले, “आज राहू दे पुढचं. उद्या ये.”

थर्झाने पुस्तक मिटलं, शाल घेतली आणि स्वयंपाकघरात असलेल्या केझायाकाकूंना काही न सांगता मागच्या दाराने निघून गेली. ती सरळ माझ्याकडे आली. गालांवर रंग चढला होता. आनंदाचा नव्हे, पण काहीसा तसाच.

“मी बोलून टाकलं, डॉर्कस,” ती म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा.”

“कुणाला?”

“जेबेझकाकांना.”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. “ते काय म्हणाले?”

तेव्हा तिचा चेहरा उतरला. बोलताना तिच्या ध्यानात आलं असावं, आपण काय केलं आणि कुणासमोर. “म्हणाले, राहू दे,” ती म्हणाली. “त्यांना आता माझं वाचन नकोय.”

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिला म्हटलं, जाऊन तर ये. ती म्हणाली, “कुठल्या तोंडाने जाऊ?” त्या आठवड्याच्या शेवटी, सकाळच्या पाळीची माणसं कामावर निघालेली असताना, जेबेझकाका गेले. शेवटचं प्रकरण राहूनच गेलं.

अंत्यविधीला सगळी खाण लोटली होती. आमच्या रीतीप्रमाणे पुरुष शवपेटीपुढे गात चालले. थर्झा सगळ्यात मागे होती. दुसऱ्या दिवशी ती केझायाकाकूंकडे गेली. मी बरोबर होते, तिनेच नेलं होतं. काकू परसात पावसाच्या पाण्याच्या टाकीजवळ त्यांचे कामाचे कपडे धूत होत्या. ते आता कुणी घालणार नव्हतं, तरी धूत होत्या.

“काकू, मी—”

“मला सगळं सांगितलं त्याने,” काकू वर न बघता म्हणाल्या. “थर्झाला ऐकू येत नाही म्हणाला. हॅनिबलच्या पोरीला ऐकू येत नाही तर आपल्यासारख्याला काय येणार, म्हणाला.”

थर्झा उभीच राहिली.

“त्याच्या हातात एक कंदील होता. त्यावर तू फुंकर मारलीस.” त्यांनी शर्ट पिळला. “जा आता. आणि ते पुस्तक घेऊन या दारात येऊ नकोस.”

आम्ही परत आलो.  बुधवारी ती चॅपेलमध्ये गेली, पुस्तक कॅप्टन नॅनकिव्हेल यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, यापुढे मला जमणार नाही. त्यांना वाटलं घसा बिघडला. गावातही तसंच पसरलं. तिने नाकारलं नाही, तेव्हा हेही एक खोटं तिच्या नावावर चढलं.

कॅप्टन भले माणूस, पण वाचायचे ते खाणीचा अहवाल वाचल्यासारखं. उद्याबघू आणि पहारेकरी एकाच आवाजात बोलायचे. दोन हिवाळे कसेबसे निघाले. मग युद्धात तरुण पोरं गेली, त्यातली काही परत आली नाहीत, आणि वर्गात उरल्या म्हाताऱ्या आणि मी. पुस्तक कधी बंद झालं ते नक्की सांगता येणार नाही, कारण ते ठरवून बंद केलं नाही. एका जूनमध्ये, इकडचा हिवाळा लागला तरी, कुणी सुरूच केलं नाही.

थर्झा त्या सगळ्या वर्षांत एकच गोष्ट मनात घोळवत होती. मला तिने ती निरनिराळ्या शब्दांत कितीदा सांगितली असेल. “मी त्यांना खरं सांगितलं ते त्यांच्यासाठी नव्हे. माझं ओझं मला खाली ठेवायचं होतं, आणि ठेवलं कुठे, तर मरणाऱ्या माणसाच्या छातीवर. आधीच त्यांना श्वास पुरत नव्हता.” कधी म्हणायची, “खोटं बोलायला हवं होतं. देवाने मला त्याबद्दल विचारलं असतं तर मी देवाशी बघून घेतलं असतं.”

मी समजावायचे, की तू बोलली नसतीस तरी ते त्याच आठवड्यात गेले असते. ती म्हणायची, “गेले असतेच. पण कसे गेले असते?” 

युद्धानंतर तांब्याचा भाव पडला आणि खाण बंद झाली. ज्या दिवशी पंप थांबला त्या दिवशी कुणाला झोप आली नाही, इतकी शांतता झाली. घरंच्या घरं उठली. कुणी ब्रोकन हिलला गेलं, कुणी अ‍ॅडलेडला. जाताना लोक घराच्या खिडक्या-दारंही काढून घेऊन गेले. केझायाकाकूंचे दोन्ही मुलगे गेले आणि आईला बरोबर ये म्हणाले, पण काकू म्हणाल्या, “तुमचा बाप इथे आहे, मी तिकडे येऊन काय करू?” आमच्या दोन गल्ल्यांत धूर निघणारी घरं बोटावर मोजण्याइतकी उरली. त्यात एक माझं, एक थर्झाचं, एक काकूंचं. इतक्या थोड्या माणसांतही त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. विहिरीवर नाही, चॅपेलमध्ये नाही. काकू आल्या की थर्झा बाक बदलायची.

काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मी त्यांना अधूनमधून पेस्टी नेऊन द्यायचे. एकदा त्यांनी ती हातात घेतली, कड चाचपली आणि म्हणाल्या, “ही तू केलेली नाहीस. तुझी कड इतकी सरळ नसते.”

 ती थर्झाने केली होती. बऱ्याचशा तिच्याच असायच्या.

“मी काय आंधळी झाले म्हणून खुळी झाले?” काकू म्हणाल्या. “किती दिवस चाललंय हे?”

“बरेच दिवस.”

त्यांनी पेस्टी मोडली, एक घास खाल्ला. “सलगम जास्त घालते ती. तिची आईही घालायची.” आणखी एक घास खाल्ला. “तिला सांग, ये म्हणावं. आणि ते पुस्तक घेऊन ये म्हणावं.”

थर्झाला निरोप दिला तेव्हा ती चुलीपुढे होती. तिने मला तो दोनदा सांगायला लावला. पुस्तक चॅपेलच्या कपाटात होतं, त्याची पाठ वाळवीने खाल्ली होती. पुसून, दोरा बांधून ती घेऊन निघाली आणि मला म्हणाली, “तू चल. एकटीने माझे पाय उचलणार नाहीत.”

काकू त्याच पुढच्या खोलीत, त्याच खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. थर्झा दारातच थांबली.

“आत ये. मला दिसत नाही, तू जवळ आल्याशिवाय कळायचं नाही तू म्हातारी झालीस की नाही.”

“झाले, काकू.”

“आवाजावरून नाही वाटत.”

थर्झा समोर बसली. पुस्तक मांडीवर होतं, पण ती ते उघडेना. मग म्हणाली, “काकू, वाचण्याआधी मला बोलू द्या. मी काकांना ते सांगायला नको होतं. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मला ते—”

“खोटं कशाला?” काकूंनी तिला मध्येच तोडलं. “जेबेझला खोटं लगेच कळायचं. तुझं उत्तर ऐकून त्याला वाईट वाटलं, हे खरं आहे. त्या रात्री तो झोपला नाही. मी तुझ्या समाधानासाठी म्हणणार नाही, की त्याला काही वाटलं नाही.”

“मग?”

“सकाळी म्हणाला, बिचारी पोर. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी वाचत बसली आणि स्वतः कोरडी राहिली. म्हणाला, हॅनिबलला हे माहीत असतं तर त्याने तिला कधी एकटीला त्या खुर्चीत बसवलं नसतं.” काकूंनी एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. त्यांना पाणी यायचंच, मोतीबिंदूमुळे. “दुपारी त्याने मला केस विंचरायला सांगितले. उशा लावून घेतल्या, सरळ बसला. म्हणाला, थर्झा येईल आता, मी तिला उद्या ये म्हणालोय. संध्याकाळपर्यंत बसला होता.”

 थर्झाने पुस्तकाला बांधलेला दोरा बोटाला गुंडाळला.

“दुसऱ्या दिवशीही बसवायला लावलं. म्हटलं, नाही येत ती, आडवा हो. म्हणाला, येईल, घाबरली असेल. तुझ्याशी त्याला बोलायचं होतं. काय ते मला सांगितलं नाही. मी म्हटलं, डॉर्कसच्या हाती निरोप देते, तर म्हणाला, नको, बोलावून आली तर त्यात काय. तिसऱ्या दिवशी त्याला बसवणं जमलं नाही.”

“त्यांनी उद्या ये म्हटलं,” थर्झा हळूच म्हणाली. “मी समजले, येऊ नको म्हणतायत.”

“तू नुसतं यायचं होतंस. ऐकू येवो न येवो. त्याला हाक हवी होती, गाणं नव्हे.”

“हे तेव्हा का नाही सांगितलंत, काकू?”

केझायाकाकूंनी मान खाली घातली. “तुला दुखवायचं होतं मला. जे बोलले ते जास्त लागेल असं वाटलं, म्हणून ते बोलले. हे बोलले असते तर तू रडली असतीस, मी रडले असते, आणि मला तुझ्याबरोबर रडायचं नव्हतं. मग वर्षं गेली. रोज वाटायचं, सांगावं. गल्ली ओलांडायची, एवढंच होतं.” त्यांनी हात पुढे केला, हवेत चाचपडत. थर्झाने तो धरला. “चल, वाच आता. माझ्याजवळही फार वेळ नाही.”

थर्झाने पुस्तक उघडलं. मला वाटलं होतं ती शेवटचं प्रकरण काढेल. तिने पहिलं पान काढलं. आवाज सुरुवातीला फुटत होता, मधल्या वर्षांचा गंज होता त्यावर. उद्याबघू बोलायला लागला तेव्हा काकू हसल्या आणि म्हणाल्या, “हा अगदी जेबेझच्या भावासारखा बोलतो.”

पुढचे दोन हिवाळे त्या दोघींनी पुस्तक वाचलं. मीही जाऊन बसायचे विणकाम घेऊन. खिंडीचं प्रकरण आलं की थर्झाचा आवाज कोरडाच असायचा, पूर्वीसारखा सुंदर आणि कोरडा. काकूंनी तिला कधी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, “वाचून झालं तरी लगेच उठू नकोस गं. बस जरा.” आणि ती बसली, दिवा लावायची वेळ होईपर्यंत.

केझायाकाकू गेल्या तेव्हा थर्झा त्यांच्याजवळ होती. शेवटच्या दिवसांत त्यांना शब्द कळत नव्हते, म्हणून थर्झा वाचत नव्हती, मधूनमधून नुसतं “काकू, मी इथे आहे” म्हणायची. मी पाहिलं ते एवढंच. त्यांचे मुलगे आले, आईला बापाशेजारी ठेवून परत गेले.

त्यानंतर थर्झा आजाऱ्यांपाशी बसायला जाऊ लागली. गावात उरलेच होते बहुतेक आजारी. कुणी वाच म्हणालं तर वाचायची, नाहीतर बटाटे सोलत बसायची. लोक म्हणायचे, रोझवार्नबाई किती शांत झाली. मला ती शांत वाटली नाही. आता तिला आपली चूक नीट माहीत होती. आधीच्या चुकीत निदान थोडी प्रतिष्ठा होती, खऱ्यासाठी मोजलेली किंमत म्हणून तिच्याकडे बघता येत होतं. ही चूक अगदी साधी होती. एक माणूस वाट बघत होता आणि ती लाजेने गेली नाही.

मी तिला एकदा विचारलं, “आता तरी ऐकू येतं का गं काही?”

“नाही,” ती म्हणाली. “मी ते विचारणं सोडलंय.”

तेव्हा आम्ही दोघी तिच्या उंबऱ्यात बसलो होतो, उन्हाला पाठ देऊन. पलीकडे ट्रेम्बाथांचं घर दिसत होतं, छप्पर गेलेलं. ती बराच वेळ त्या खिडकीकडे बघत होती.

“काका वाट बघत बसले होते त्या दोन दिवसांत मी काय करत होते, आठवतंय तुला?” तिने विचारलं.

मला आठवत नव्हतं.

“घराला चुना देत होते. हातांना काहीतरी काम हवं म्हणून. ही दर्शनी भिंत, शिडीवर चढून. त्यांना खिडकीतून दिसत असणार मी.”

 तिने हात मांडीवर उपडे ठेवले आणि आम्ही ऊन सरकेपर्यंत तिथेच बसलो.